साइट रुसली की एक्स्टेंशन आडवं आलं?

गेल्या अंकात एका प्रश्नाला उत्तर देताना "एकदा एक्स्टेंशन बंद करून बघा" एवढंच लिहून मी पुढे गेलो होतो, तर यावेळी आलेले बहुतेक प्रश्न त्याच एका वाक्यावर आहेत, कुठून बंद करायचं, बंद केलं की डेटा जातो का, बंद केलं तरी फरक पडला नाही, वगैरे वगैरे. म्हणून हा सगळा कोपरा त्यालाच देतोय. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत. एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा जास्तीचा प्रोग्राम, जाहिराती अडवणारा, भाषांतर करणारा, वगैरे. फायरफॉक्सवाले त्याला अ‍ॅड-ऑन म्हणतात, क्रोम-एजवाले एक्स्टेंशन, काम तेच.

प्रश्न (सांगली): मी शाळेत शिक्षिका आहे. मुलांचे स्कॉलरशिपचे फॉर्म ऑनलाइन भरावे लागतात. सगळं भरून झालं की शेवटचं 'सबमिट' दाबते तर काहीच होत नाही, एरर पण येत नाही. शेजारच्या मॅडमच्या लॅपटॉपवर तोच फॉर्म व्यवस्थित जातो, नेट तेच, क्रोम तेच. हेल्पलाइनवाले कॅश क्लिअर करा म्हणाले, तेही करून झालं. माझ्या क्रोममध्ये १६ एक्स्टेंशन निघाली (मलाच माहीत नव्हतं!), सगळी काढून टाकू का?

उत्तर: काढू नका मॅडम, बंद करा. बंद केलं की एक्स्टेंशन जागच्या जागी गप्प बसतं, त्याची सेटिंग, त्यात साठवलेलं सगळं तसंच राहतं आणि टॉगल परत सरकवलं की पहिल्यासारखं चालू. रिमूव्ह केलं की त्यानं ब्राउझरमध्ये साठवलेला डेटाही जातो. शिवाय गूगल अकाउंटनं सिंक चालू असेल तर इथून काढलेलं घरच्या कॉम्प्युटरवरूनही निघून जाईल आणि मग तिकडे कुणीतरी ओरडेल.

आधी फॉर्म मार्गी लावू. कंट्रोल-शिफ्ट-एन दाबा, इन्कॉग्निटो विंडो उघडेल, तिथे लॉगिन करून तोच फॉर्म उघडा. या विंडोत एक्स्टेंशन आपोआप बंद असतात, तुम्ही स्वतः एखाद्याला 'अलाऊ इन इन्कॉग्निटो' दिलं असेल तर तेवढंच चालतं. तिथे सबमिट झालं तर आधी मुलांचे फॉर्म उरकून घ्या, शेवटची तारीख कुणासाठी थांबत नाही. फक्त एक, इन्कॉग्निटोत चाललं म्हणजे एक्स्टेंशनच दोषी असं लगेच ठरवू नका. त्या विंडोत जुन्या कुकीज (साइटनं तुम्हाला लक्षात ठेवायला ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) पण नसतात, म्हणजे आपण एका फटक्यात दोन गोष्टी बदलल्या, आता कशामुळे चाललं ते कसं कळणार? बरेच जण इथेच थांबतात आणि चार दिवसांनी तीच रड घेऊन परत येतात.

म्हणून खरी तपासणी नेहमीच्याच विंडोत करायची. उजवीकडे वर तीन टिंबं, त्यात एक्स्टेंशन्स, त्यात मॅनेज एक्स्टेंशन्स. एकेका एक्स्टेंशनचा चौकोन दिसेल आणि प्रत्येकात खाली निळं टॉगल. बंद करायच्या आधी मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवा, कारण १६ पैकी काही आधीपासूनच बंद असतील आणि नंतर कोणती चालू होती ते कुणाच्या लक्षात राहत नाही. आता सगळी बंद करा. सगळी एकदम बंद करायचं बटण क्रोमनं दिलेलं नाही, एकेक टॉगल दाबत बसावं लागतं, वैताग आहे पण इलाज नाही. मग फॉर्मचं पान रिफ्रेश करा आणि सबमिट दाबून बघा.

अजूनही जात नसेल तर एक्स्टेंशन निर्दोष, तिथेच थांबा, पुढचं वाचू नका, खाली डोंबिवलीकरांना दिलेलं उत्तर बघा. गेलं, तर आता चोर पकडायचा. १६ मधली ८ चालू करा, पान रिफ्रेश, परत बघा. बटण पुन्हा मेलं तर चोर या आठात, नाहीतर उरलेल्या आठात. ज्या आठात आहे त्यातली चारच चालू ठेवा. मग दोन, मग एक. एकेक करत बसलात तर १६ वेळा तपासावं लागेल, असं निम्मं-निम्मं केलं तर ४ वेळात उत्तर. कधीकधी मात्र हे गणित फसतं, कारण दोन एक्स्टेंशन एकेकटी सज्जन असतात आणि एकत्र आली की भांडतात, दोन वेगवेगळे अ‍ॅड ब्लॉकर हा त्यातला नेहमीचा नमुना. दोन अ‍ॅड ब्लॉकर ठेवून जाहिराती दुप्पट बंद होत नाहीत हो, एक पुरे.

माझा पहिला संशय अ‍ॅड ब्लॉकरवरच आहे. त्याच्याकडे कुठले पत्ते अडवायचे याच्या लांबलचक याद्या असतात. समजा पोर्टलवाल्यांनी आपल्याच एखाद्या फाइलच्या नावात 'ट्रॅक' किंवा 'अ‍ॅनालिटिक्स' असा शब्द घातला, की ब्लॉकर ती फाइल जाहिरातवाल्यांची समजून अडवू शकतो, आणि सबमिटचं बटण नेमकं त्याच फाइलवर अवलंबून असेल तर ते दाबलं काय न दाबलं काय सारखंच. डोळ्यांनी बघायचं असेल तर फॉर्मच्या पानावर एफ-१२ दाबा, वरच्या पट्टीत 'कन्सोल' निवडा आणि मग पान रिफ्रेश करा. लाल ओळी येतील, त्यातल्या बऱ्याच निरुपयोगी असतात, घाबरू नका, पण एखाद्या ओळीच्या शेवटी 'ब्लॉक्ड बाय क्लायंट' असं इंग्रजीत लिहिलेलं दिसलं तर समजा की ती फाइल पोर्टलनं नाही, तुमच्याच ब्राउझरमधल्या कुणीतरी अडवली. हेल्पलाइनवाल्यांना बिचाऱ्यांना हे तिकडून दिसूच शकत नाही.

चोर अ‍ॅड ब्लॉकर निघाला तरी त्याला घालवायची गरज नाही. त्या पोर्टलवर असताना त्याच्या आयकॉनवर क्लिक करून 'या साइटवर बंद' एवढंच करा. बाकी जगात तो राहू दे, विशेषतः शाळेच्या कॉम्प्युटरवर तर राहूच दे.

प्रश्न (डोंबिवली): तुम्ही म्हणता तसं सगळी एक्स्टेंशन बंद केली तरी बँकेच्या साइटवर स्टेटमेंटची पीडीएफ उघडत नाही. क्लिक केलं की काहीच नाही. आता काय?

उत्तर: बंद केल्यावर पान रिफ्रेश केलंत का? आधीच उघडलेल्या टॅबमध्ये एक्स्टेंशननं जे घुसवलेलं असतं ते टॉगल बंद केलं तरी तिथेच राहतं, पान नव्यानं लोड झालं की जातं. शंका असेल तर सरळ ब्राउझर बंद करून उघडा.

ते केलं असेल तर एक्स्टेंशनचा नाद सोडा. स्टेटमेंट बहुतेक नवीन विंडोत उघडत असणार आणि क्रोमचा स्वतःचा पॉप-अप ब्लॉकर ती विंडो अडवत असणार, तो एक्स्टेंशनच्या यादीत नसतोच. क्लिक केल्या केल्या पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला बघा, छोटं चिन्ह उमटतं, त्यावर क्लिक करून त्या साइटला परवानगी द्या. तेही नसेल तर त्या एका साइटच्या कुकीज काढून परत लॉगिन, आणि मग अँटिव्हायरसचं वेब प्रोटेक्शन. बँकेच्या कामासाठी अँटिव्हायरस पूर्ण बंद करून बसू नका मात्र, बघायचंच असेल तर बँकेत लॉगिन न करता दुसऱ्या एखाद्या साइटवरची नव्या विंडोत उघडणारी पीडीएफ उघडून बघा.

प्रश्न (कोल्हापूर): मी जुना फायरफॉक्सवाला. आधी 'सेफ मोड' असायचा, त्यात अ‍ॅड-ऑन बंद करून चालू व्हायचं. आता मेनूत सापडत नाही. काढला का?

उत्तर: नाही हो, नाव बदललं. आता तो 'ट्रबलशूट मोड'. तीन आडव्या रेघा, हेल्प, त्यात ट्रबलशूट मोड. किंवा विंडोजवर शिफ्ट दाबून धरून फायरफॉक्स चालू करा, मॅकवर ऑप्शन. या बाबतीत फायरफॉक्स क्रोमच्या चार पावलं पुढे आहे, एका झटक्यात सगळी अ‍ॅड-ऑन तात्पुरती बंद आणि साधं रीस्टार्ट केलं की सगळी जशीच्या तशी परत, फोटो काढून ठेवायची भानगड नाही.

पण चालू होताना जी खिडकी येते तिच्याकडे नीट बघा, तिथे दोन बटणं असतात, 'ओपन' आणि 'रिफ्रेश फायरफॉक्स'. आपल्याला ओपन हवंय. लोक गडबडीत रिफ्रेश दाबतात, पान रिफ्रेश होईल असं समजून, आणि अ‍ॅड-ऑन सगळी उडतात, तुम्ही बदललेली बरीच सेटिंगही मूळपदावर जातात. बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, आणि जुना डेटा डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवला जातो, त्यामुळे अगदी जग बुडत नाही, पण अ‍ॅड-ऑन परत एकेक करून घालत बसायचं म्हणजे रविवार गेला.

दुसरी गोष्ट. ट्रबलशूट मोडमध्ये अ‍ॅड-ऑनबरोबर थीम आणि हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनही बंद होतं. (हे दुसरं म्हणजे चित्रं-व्हिडिओ दाखवायचं काम ग्राफिक्सच्या चिपकडे सोपवणं.) त्यामुळे तिथे व्हिडिओ नीट चालला, पान थरथरायचं थांबलं, तर अ‍ॅड-ऑनवर लगेच खापर फोडू नका, ग्राफिक्सचा ड्रायव्हर पण असू शकतो. नेहमीच्या मोडमध्ये येऊन सेटिंग्जमधल्या परफॉर्मन्समध्ये फक्त हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनची टिकली काढा, ब्राउझर परत चालू करून बघा. अडचण गेली तर अ‍ॅड-ऑन सुटली. राहिली तर मग वरच्यासारखं निम्मं-निम्मं.

प्रश्न (कऱ्हाड): मराठीत टाइप करताना काही साइटवर अक्षरं दोनदा उमटतात, काना-मात्रा भलतीकडे जातात, बॅकस्पेस दाबला की आख्खा शब्द खातो. कीबोर्ड बदलला, विंडोज परत टाकायला दुकानदार पैसे सांगतोय. टाकू का?

उत्तर: थांबा थांबा, दुकानदाराला जरा चहा पाजा आणि वाट बघायला सांगा. आधी नोटपॅडमध्ये दोन ओळी मराठी टाइप करा. तिथेही गोंधळ असेल तर कीबोर्डचं सॉफ्टवेअर किंवा विंडोजचं भाषेचं सेटिंग बघावं लागेल, ब्राउझरचा संबंध नाही. नोटपॅडमध्ये ठीक असेल तर तेच वाक्य ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टाइप करा. ही पट्टी ब्राउझरची स्वतःची असते, वेबपेजमध्ये हात घालणारी एक्स्टेंशन तिथे पोचत नाहीत. पट्टीत ठीक आणि वेबसाइटच्या चौकटीत गडबड, असं असेल तर एक्स्टेंशनवर संशय घ्यायला पक्की जागा आहे (गडबड सगळ्याच साइटवर नसून एकाच साइटवर असेल तर मात्र ती त्या साइटचीच).

मग कोणती आधी बंद करायची? इंग्रजी व्याकरण तपासणारी, आपोआप वाक्य पूर्ण करून देणारी, भाषांतर करणारी, आणि हल्ली ती एआयवाली जी प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात आपला गोल ठिपका चिकटवतात. ही मंडळी तुम्ही टाइप करत असताना तीच चौकट सतत वाचत आणि बदलत असतात. फोनेटिकनं (इंग्रजी अक्षरं दाबून) मराठी लिहिताना अक्षर लगेच पक्कं होत नाही, आधी अर्धवट उमटतं, पुढचं बटण दाबलं की बदलतं. त्या अर्धवट क्षणी दुसऱ्या कुणी चौकटीत ढवळाढवळ केली की काना इकडे आणि मात्रा तिकडे. मराठी टायपिंगचं एक्स्टेंशन टाकलेलं असेल आणि विंडोजचा मराठी कीबोर्डही चालू असेल तर त्यातलं एकच ठेवा.

प्रश्न (बेंगळुरू): आईबाबा नाशिकला असतात. बाबांच्या क्रोममध्ये काही शोधलं की गूगलऐवजी भलतंच पान उघडतं, जाहिरातीच जाहिराती. फोनवरून सांगून सांगून थकलो, बाबा म्हणतात मी काहीच केलं नाही.

उत्तर: बाबा म्हणतात ते त्यांच्या परीनं खरंच असणार, त्यांनी फक्त कुठेतरी 'पीडीएफ कन्व्हर्टर' किंवा 'कूपन' असं काहीतरी दिसलं आणि 'अ‍ॅड' दाबलं. बाबांना फोनवर १६ टॉगलची गोष्ट समजावू नका, दोघांचं बीपी वाढेल. त्यांना क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'रीसेट सेटिंग्ज' करायला सांगा. त्यानं सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान मूळपदावर येतं, सगळी एक्स्टेंशन बंद होतात, कुकीज जातात म्हणजे सगळीकडे परत लॉगिन करावं लागेल, पण बुकमार्क, हिस्टरी आणि सेव्ह केलेले पासवर्ड राहतात. बंद होतात म्हणतोय, निघत नाहीत, हे लक्षात ठेवा. त्यानंतर मॅनेज एक्स्टेंशन्सचं पान उघडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायला सांगा आणि ओळखीचं नाही ते मात्र खुशाल रिमूव्ह करा, इथे 'फक्त बंद करा'वाला माझा नियम लागू नाही.

नावावर जाऊ नका. चांगलं एक्स्टेंशन पण विकलं जातं आणि नवा मालक वेगळाच निघतो. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं लाखो लोक वापरायचे, न लागणारे टॅब झोपवून मेमरी वाचवायचं, उत्तम चाललेलं, मालक बदलला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं त्यात मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) आहे म्हणून स्टोअरमधून काढलं आणि लोकांच्या ब्राउझरमध्येही बंद केलं.

आणि मेनूच्या तळाला 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असं दिसतंय का तेही विचारा. घरच्या कॉम्प्युटरवर कसली आली ऑर्गनायझेशन! काही वेळा साध्या सॉफ्टवेअरमुळेही तसं दिसतं, पण एखाद्या एक्स्टेंशनचं टॉगल दाबलं तरी सरकतच नसेल तर मालवेअरनं पॉलिसी (कंपन्या वापरतात तशी सक्तीची सेटिंग) टाकून ते पक्कं बसवलेलं असू शकतं. तेव्हा मात्र अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन आणि पुढच्या सुट्टीत नाशिक.

प्रश्न (हिंजवडी): कंपनीच्या लॅपटॉपवर दोन एक्स्टेंशनचं टॉगल करडं आहे, बंदच होत नाही. काही ट्रिक?

उत्तर: आहे, आयटीला तिकीट टाका. ते त्यांनीच बसवलंय.

प्रश्न (नागपूर): माझं अ‍ॅड ब्लॉकर मी हातही न लावता बंद झालं, चालू करायला गेलो तर टॉगल हलत नाही. व्हायरस आहे का?

उत्तर: युब्लॉक ओरिजिन असेल तर व्हायरस नाही, गूगलचा निर्णय आहे. एक्स्टेंशन कशी बनवायची याचे क्रोमचे नियम बदलले, जुने 'मॅनिफेस्ट व्ही२', नवे 'मॅनिफेस्ट व्ही३'. २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन बंद करायला सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये तो दरवाजा पूर्ण लागला. त्याच लेखकाचं युब्लॉक ओरिजिन लाइट नव्या नियमात बसतं, जुन्याइतकं ताकदीचं नाही पण रोजच्या कामाला चालतं. जुनंच हवं असेल तर फायरफॉक्स, तिथे ते अजून चालतं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर गूगलची स्वतःची कमाई जाहिरातींवर आहे हे विसरून या निर्णयाकडे बघणं मला तरी जमत नाही.

फायरफॉक्सवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये. ४ मे २०१९ च्या सकाळी जगभरच्या फायरफॉक्समधली जवळपास सगळी अ‍ॅड-ऑन आपोआप बंद पडली होती, कारण अ‍ॅड-ऑनवर सही करायला वापरलेलं एक सर्टिफिकेट मोझिलानं (फायरफॉक्स बनवणाऱ्यांनी) वेळेत नवं केलं नाही आणि ते एक्स्पायर झालं. त्या दिवशी लोकांनी घाबरून अ‍ॅड-ऑन काढून परत टाकायचा प्रयत्न केला आणि काहींनी आपली सेटिंग घालवली, ज्यांनी हात लावला नाही त्यांची मोझिलाची दुरुस्ती आल्यावर आपोआप परत आली.

अजून एक कारण असतं, अपडेटमध्ये एक्स्टेंशननं जास्तीची परवानगी मागितली की क्रोम ते बंद करून तुम्हाला विचारतो. तिथे वाचल्याशिवाय 'ओके' करू नका. कॅल्क्युलेटरला सगळ्या साइटवरचा डेटा वाचायला कशाला हवाय?

प्रश्न (पणजी): मोबाइलवर एक्स्टेंशन कुठून बंद करायची?

उत्तर: अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन नसतातच, त्यामुळे तिथे प्रश्न मिटला. फायरफॉक्स असेल तर मेनूतच सापडतील, डिसेंबर २०२३ पासून तर अँड्रॉइडवर बरीच अ‍ॅड-ऑन खुली झालीत. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सफारी शोधा, त्यात एक्स्टेंशन्स. आणि याचा उलटा फायदा पण घ्या, कॉम्प्युटरवर एखादी साइट अडली की त्याच वायफायवर फोनच्या क्रोममध्ये उघडून बघा, तिथे चालली तर साइट आणि नेट दोन्ही ठीक आहेत, कॉम्प्युटरचा ब्राउझर तपासायला लागा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): ब्राउझर फार स्लो झालाय. कोणतं एक्स्टेंशन मेमरी खातंय ते बंद न करता कळेल का? आणि एका एक्स्टेंशनमध्ये माझ्या दोन वर्षांच्या नोट्स आहेत, ते काढायचं धाडस होत नाही.

उत्तर: कळेल. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, विंडोजचा नाही. त्यात टॅबच्या बरोबरीनं चालू असलेली एक्स्टेंशनही नावानिशी येतात. मेमरीच्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की जास्त खाणारे वर येतात. पाच मिनिटं उघडं ठेवून सीपीयूचा रकाना पण बघा, तुम्ही काहीच करत नसताना एखादं एक्स्टेंशन सतत आकडे हलवतंय का. फक्त जे एक्स्टेंशन पानाच्या आत शिरून काम करतं त्याचा भार त्या टॅबच्या नावावर पडतो, म्हणून यादीत ते गरीब दिसलं तरी एकदा बंद करून टॅबचा आकडा उतरतोय का ते बघाच.

नोट्सचं म्हणाल तर ते एक्स्टेंशन बंद करायला काही हरकत नाही, नोट्स जागच्या जागी राहतील. काढायचं असेल तर आधी त्याच्या सेटिंगमध्ये 'एक्सपोर्ट' आहे का बघा, फाइल सेव्ह करा, आणि ती फाइल खरंच उघडते का, त्यात दोन वर्षांपूर्वीची नोट दिसते का ते तपासा. एक्सपोर्टच नसेल तर कॉपी-पेस्ट करत बसा, कंटाळवाणं आहे, पण रिमूव्ह दाबायच्या आधी ते करावंच लागेल.